खोल समुद्रातले प्रवाळ आणि समुद्राचं जुनं हवामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवाळ तर उथळ, कोमट पाण्यात वाढतात. मग खोल समुद्रात ते कसे?

उथळ पाण्यातल्या प्रवाळांच्या शरीरात शैवाल राहतं आणि त्याला सूर्यप्रकाश लागतो. पण कठीण सांगाडा तयार करणाऱ्या प्रवाळांपैकी जवळपास निम्म्या जातींना या शैवालाची गरजच नसते. वरून येणारे अन्नकण आणि पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून त्या जगतात. त्यामुळे अंधारात आणि थंड पाण्यात, काही जाती तर सहा हजार मीटर खोलीवरही सापडतात. सांगाड्यात साठलेली जुन्या समुद्राची नोंद वाचण्यासाठी लागणारे बहुतेक नमुने २०० ते २,५०० मीटरदरम्यानचे असतात. हे प्रवाळ एकेकटेच वाढतात असंही नाही. नॉर्वेच्या किनाऱ्याबाहेर ३००-४०० मीटर खोलीवर २००२ साली सापडलेला रोस्ट प्रवाळभाग ३५ किलोमीटरहून लांब आहे.

हवामानाच्या अभ्यासासाठी कोणत्या जाती घेतात?

सगळ्यात जास्त वापर डेस्मोफायलम डायन्थसचा होतो. हा एकट्याने वाढणारा, पेल्याच्या आकाराचा प्रवाळ काही सेंटिमीटर उंचीचा असतो आणि वर्षाला साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर वाढतो. म्हणजे एका पेल्यात शंभरेक वर्षांची नोंद मिळते. तो जवळपास सगळ्या महासागरांत आढळतो आणि त्याचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा, म्हणजे जाड, घट्ट अ‍ॅरागोनाइटचा असतो. फांद्यांचा लोफेलिया लवकर वाढतो, पण त्याच्या भिंती पातळ असल्याने तो साफ करायला त्रास होतो.

बांबू प्रवाळाची गोष्ट वेगळी आहे. त्याची पांढरी पेरं कॅल्साइटची (कॅल्शियम कार्बोनेटच्या दुसऱ्या रूपाची) आणि मधल्या काळ्या गाठी प्रथिनाच्या असतात. खोडाची जाडी वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी वाढते. काळ्या प्रवाळात तर कार्बोनेट नसतंच, नुसतं प्रथिन आणि कायटिन असतं. हवाईजवळच्या लायोपॅथीस या काळ्या प्रवाळाचं वय सुमारे ४,२६५ वर्षं निघालं आहे.

यातली मेख अशी की बांबू प्रवाळाच्या पेरांतला कार्बन आजूबाजूच्या खोल पाण्यातला असतो, तर गाठींतला कार्बन अन्नावाटे पृष्ठभागावरून आलेला असतो. एकाच खोडात दोन वेगवेगळ्या पाण्यांची नोंद असते. नमुना कापताना पेर आणि गाठ यांची सरमिसळ झाली, तर हाती येणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही.

समुद्रतळाचा गाळ असताना प्रवाळ कशाला?

गाळ सलग मिळतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण खोल समुद्रात तो अनेक ठिकाणी हजार वर्षांत जेमतेम एक ते पाच सेंटिमीटर साचतो आणि वरचा दहाएक सेंटिमीटरचा थर किडे-जंतू सतत ढवळत असतात. शंभर-दोनशे वर्षांत घडलेली घटना अशा थरात पसरून पुसट होते. प्रवाळाचा सांगाडा कोणी ढवळत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. प्रवाळाचं खरं वय त्याच्याच तुकड्यातून, कार्बनवर अवलंबून न राहता काढता येतं. गाळात ही सोय नसते, तिथे वयासाठी बहुधा काही ना काही गृहीत धरावं लागतं. प्रवाळ मात्र तुटक मिळतात. दहा हजार वर्षांच्या काळातले चाळीस पेले हाती असतील, तर मधल्या काळात काय झालं ते त्यांच्यावरून कळणार नाही. गाळ आणि प्रवाळ दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

वय कसं ठरवतात?

समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं राहतं. थोरियम मात्र कणांना चिकटून तळाशी जातं. त्यामुळे सांगाडा तयार होताना प्रवाळात दर ग्रॅममागे तीन-चार मायक्रोग्रॅम युरेनियम जातं आणि थोरियम-२३० जवळपास नसतंच. पुढे युरेनियम-२३४ च्या किरणोत्सारी क्षयातून थोरियम-२३० साठत जातं. थोरियम-२३० चा अर्धायुष्यकाल सुमारे ७५,६०० वर्षं आहे. दोघांचं प्रमाण अचूक मोजलं की वय मिळतं, आणि नमुना चांगला असेल तर एक टक्क्याहून कमी चुकीने मिळतं. कागदावर ही पद्धत पाच-सहा लाख वर्षांपर्यंत चालते. प्रत्यक्षात नमुना जितका जुना, तितकी सांगाड्यात नंतर युरेनियमची ये-जा झाल्याची शक्यता जास्त.

मग कार्बन-१४ कशासाठी?

वयासाठी नाही, पाण्यासाठी. खऱ्या कामाला सुरुवात इथूनच होते.

पृष्ठभागावरचं पाणी हवेतून कार्बन-१४, म्हणजे कार्बनचं किरणोत्सारी रूप, घेतं. ते खाली गेलं की नवा पुरवठा थांबतो आणि आतलं कार्बन-१४ क्षय पावत राहतं. म्हणून हवेशी फार काळ संपर्क नसलेल्या पाण्यात ते कमी असतं. प्रवाळ त्या पाण्यातलाच कार्बन सांगाड्यात घालतो. खरं वय युरेनियम-थोरियमवरून कळलेलं असल्यामुळे मरणानंतर किती क्षय झाला, तो हिशेब वजा करता येतो. उरतं ते प्रवाळ जिवंत असतानाच्या पाण्यातलं कार्बन-१४.

हिशेब असा करतात. खऱ्या वयाला ८,२६७ ने भागा, कार्बन वयाला (कार्बन-१४ वरून थेट काढलेल्या वयाला) ८,०३३ ने भागा आणि पहिल्यातून दुसरं वजा करा. आलेली संख्या 'ई' (सुमारे २.७१८) च्या घातांकात घाला, त्यातून १ वजा करा आणि १,००० ने गुणा. समजा खरं वय १५,००० आणि कार्बन वय १३,८०० आहे. वजाबाकी ०.०९६५ येते आणि उत्तर सुमारे अधिक १०१ दर हजारी, म्हणजे ठरावीक प्रमाणापेक्षा कार्बन-१४ हजारात १०१ भागांनी जास्त. त्याच काळातल्या हवेचं कार्बन वय १२,६५० धरलं, तर पाणी हवेपेक्षा १,१५० वर्षांनी 'जुनं' होतं.

इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. युरेनियम-थोरियमचं वय मोजणीच्या वर्षापासून मागे मोजलेलं असतं आणि कार्बनचं १९५० पासून. २०२४ साली मोजलेल्या वयातून ७४ वर्षं वजा करायलाच हवीत. ८,०३३ आणि ८,२६७ हे आकडेही मुद्दाम वेगळे आहेत. पहिला जुन्या, रूढीने चालत आलेल्या अर्धायुष्यावरून येतो आणि दुसरा खऱ्या अर्धायुष्यावरून. दोन्हीकडे एकच आकडा वापरला की निकाल सरळसरळ चुकतो. खऱ्या वयात १०० वर्षांची चूक असेल तर या उदाहरणात उत्तर सुमारे १३ दर हजारीने हलतं, म्हणून वयाच्या अचूकतेवर एवढा भर असतो.

नमुना साफ कसा करतात?

जुन्या प्रवाळावर लोह-मँगनीजचा काळा थर चढलेला असतो. त्यात थोरियम आणि निओडिमियम प्रवाळापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं, म्हणून तो थोडाही राहून चालत नाही.

आधी हाताने खरवडतात. दातांच्या डॉक्टरकडे असतं तसं फिरतं हिऱ्याचं टोक घेऊन पेल्याच्या भिंतीचा आणि आतल्या उभ्या पडद्यांचा तुकडा वेगळा करतात. काळे डाग, किड्यांनी पोखरलेली भोकं आणि भुसभुशीत झालेला भाग काढून टाकतात. टोक तापू देत नाहीत, कारण उष्णतेने अ‍ॅरागोनाइटचं कॅल्साइट होऊ शकतं. मग शुद्ध पाण्यात ध्वनिलहरींच्या स्नानपात्रात ठेवून पाणी नितळ राहीपर्यंत धुतात.

त्यानंतर रासायनिक सफाई. सेंद्रिय भागासाठी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सम प्रमाणात मिसळून त्यात तुकडा काही वेळ ध्वनिलहरींखाली ठेवतात. द्रावण गढूळ झालं की बदलतात आणि डाग जाईपर्यंत हेच चालू ठेवतात. मग सुमारे १ टक्का परक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साइडच्या मिश्रणात काही सेकंदांच्या बुडव्या देतात. परक्लोरिक आम्ल सेंद्रिय पदार्थांशी धोकादायक असतं. हे काम वाफा ओढून घेणाऱ्या योग्य धूरपेटीतच करायचं आणि आधीचं द्रावण पूर्ण धुऊन काढल्याशिवाय करायचं नाही.

या सगळ्यात वजन किती घटेल, ते नमुन्यावर अवलंबून असतं. मूळ वजनाच्या निम्मं गेलं तरी आश्चर्य वाटायला नको. म्हणून सुरुवातच गरजेच्या दुप्पट वजनाने करावी. बुडवी लांबली तर थर जाण्याऐवजी चांगला प्रवाळच विरघळत राहतो. दिसायला तुकडा स्वच्छ होतो, पण हाती काही उरत नाही.

कार्बन-१४ साठी सफाई झाल्यावरही नमुना उघडा ठेवत नाहीत. कुटलेला अ‍ॅरागोनाइट हवेतला आजचा कार्बन पृष्ठभागावर धरतो. म्हणून मोजणीच्या अगदी आधी सौम्य आम्लाने बाहेरचा बराचसा भाग विरघळवून टाकतात आणि लगेच फॉस्फोरिक आम्लात घालतात. कार्बोनेटमध्ये कार्बन १२ टक्के असतो, त्यामुळे १ मिलिग्रॅम कार्बनसाठी ८-९ मिलिग्रॅम स्वच्छ प्रवाळ लागतो. युरेनियम-थोरियमला मात्र बहुधा काही शेकडा मिलिग्रॅम लागतात.

मिळालेलं वय खरं की खोटं, कसं ओळखायचं?

पहिली खूण थोरियम-२३२ ची. प्रवाळात वाढीच्या वेळी आलेलं किंवा थरातून राहिलेलं थोरियम यावरून कळतं. दर ग्रॅममागे १ नॅनोग्रॅम थोरियम-२३२ असेल आणि थोरियम-२३० चं थोरियम-२३२ शी नेहमी वापरतात ते प्रारंभिक प्रमाण, म्हणजे दशलक्षात ८० अधिक-वजा ८०, धरलं तर वयात साधारण १३० वर्षांची दुरुस्ती करावी लागते आणि तिची अनिश्चितताही तेवढीच असते. थोरियम-२३२ पाच नॅनोग्रॅम निघालं तर वय काढायला हरकत नाही, पण शतकांच्या पातळीवरचं बोलणं सोडून द्यावं. यंत्राची अचूकता कितीही असो, ही अनिश्चितता कमी होत नाही.

दुसरी खूण युरेनियमची. क्षयाचा हिशेब उलटा करून जन्मवेळचं युरेनियम-२३४ चं प्रमाण काढतात. ते आजच्या समुद्राइतकं, म्हणजे क्षयाच्या समतोलापेक्षा सुमारे १४७ दर हजारी जास्त यायला हवं. त्याहूनही बरंच जास्त आलं तर सांगाडा बंद राहिला नव्हता, असं समजून तो नमुना बाजूला ठेवावा. कधी कधी ही खूण ठीक असूनही वय चुकतं, म्हणून महत्त्वाच्या नमुन्याचा दुसरा तुकडा वेगळा साफ करून मोजावाच.

शेकडो पेल्यांतून हवे ते कसे निवडतात?

प्रत्येकाचं पूर्ण वय काढायला वेळ आणि पैसा पुरत नाही. म्हणून आधी अंदाजी वय काढतात, लेझरने युरेनियम-थोरियम मोजून किंवा झटपट पद्धतीने कार्बन-१४ मोजून. यात काही शतकांची, कधी हजारांचीही चूक असते, पण पेला आजचा, हिमयुगाच्या शेवटचा की त्याहून जुना, एवढं कळतं. काळ्या थराच्या जाडीवरून वय ठरवू नये. जाड थराचे तरुण पेले आणि जवळजवळ पांढरे जुने पेले, दोन्ही मिळतात.

तापमान कळतं का?

कळतं, पण ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) सरळ नाही. प्रवाळ आतल्या द्रवात कार्बोनेटची जुळवणी करताना ऑक्सिजन आणि कार्बन दोन्ही समस्थानिकांचं प्रमाण बदलतो. एकाच पेल्यात, एकाच तापमानाला वाढलेल्या भागांत ऑक्सिजनचा आकडा कित्येक दर हजारीने फिरतो. समुद्राच्या तापमानातला बदल त्यापुढे किरकोळ ठरतो.

सध्या सर्वांत भरवशाचं लिथियम-मॅग्नेशियम प्रमाण. मिलिमोल दर मोलमध्ये ते ५.४२ गुणिले 'ई'चा वजा ०.०५ तापमान इतका घात, असं मांडतात. ४ अंश सेल्सियसला ४.४४ आणि ५ अंशाला ४.२२, म्हणजे दर अंशाला सुमारे पाच टक्के घट. मोजणी चांगली असेल तर सुमारे एका अंशाच्या चुकीने तापमान मिळतं. हिमयुगातलं खोल पाणी आणि आजचं पाणी यांतला फरक दोन-तीन अंशांचाच आहे, तेव्हा एका पेल्यावरून मोठं विधान करू नये.

इथे नेहमी चूक होते ती नमुना घेण्यात. पेल्याच्या प्रत्येक पडद्याच्या मधोमध एक अपारदर्शक पांढरी रेघ असते. तिथून सांगाड्याची वाढ सुरू होते. या रेघेत मॅग्नेशियम आणि लिथियम दोन्ही वाढलेले असतात आणि इतर मूलद्रव्यांचं गणितही बिघडतं. छेदाचा पातळ काप उजेडासमोर धरला की रेघ स्पष्ट दिसते. सूक्ष्म ड्रिलने ती टाळून दुधी, अर्धपारदर्शक भागच घ्यावा. पूर्ण पडदा कुटून मोजला तर रेघेचं प्रमाण पेल्यागणिक बदलतं आणि तापमानात नसलेला चढउतार दिसतो.

गुच्छित समस्थानिकांची, म्हणजे जड समस्थानिक एकमेकांना किती जोडले गेलेत ते मोजण्याची, पद्धतही वापरतात. तिला पाण्यातल्या ऑक्सिजनचं प्रमाण माहीत असावं लागत नाही, पण नमुना जास्त लागतो आणि मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

पाणी कुठल्या महासागरातून आलं, हे कसं ओळखतात?

निओडिमियम या धातूच्या समस्थानिकांवरून. उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात त्यांचं प्रमाण दाखवणारं मूल्य वजा १३ च्या आसपास, दक्षिण महासागरात वजा ८-९ आणि उत्तर प्रशांतमध्ये वजा ४ ते शून्य असतं. प्रवाळात निओडिमियम अगदी थोडं असतं, दर ग्रॅममागे काही दहा नॅनोग्रॅम. काळ्या थरात ते हजारो पट असतं. त्यामुळे या मोजणीसाठी सफाई सर्वांत कडक लागते आणि नमुनाही जास्त. पाणी किती 'जुनं' आहे ते कार्बन-१४ सांगतं आणि ते कुठलं आहे ते निओडिमियम. दोन्ही एकाच पेल्यातून मिळाले तर संशय बराच मिटतो.

पाण्याचा सामू आणि पोषकद्रव्यं?

सामूसाठी बोरॉनचे समस्थानिक वापरतात. पण प्रवाळ वाढीच्या जागी सामू स्वतः वाढवतो. बाहेर ७.६ ते ८ असला तरी आत साधारण ८.५ ते ९. म्हणून आकडा थेट वाचता येत नाही, त्या जातीचं आजच्या पाण्याशी जुळवलेलं समीकरण लागतं. एकाच जातीतला, एकाच ठिकाणचा कल विश्वासार्ह, सुटं मूल्य कमी.

पोषकद्रव्यांसाठी बेरियम बरं चालतं. फॉस्फरसवर आमचा फार भरवसा नाही. तो सांगाड्यातल्या सेंद्रिय भागातही असतो आणि सफाईनुसार आकडा बदलतो. सांगाड्यात अडकलेल्या सेंद्रिय नायट्रोजनचे समस्थानिक मात्र पृष्ठभागावर नायट्रेट किती वापरलं गेलं, त्याची चांगली कल्पना देतात.

यातून आतापर्यंत काय कळलं?

खोल समुद्राचं अभिसरण मानवी मापाच्या काळातही बदलू शकतं, हे १९९८ मध्ये उत्तर अटलांटिकच्या पेल्यांनी दाखवलं. सुमारे १५,४०० वर्षांपूर्वी खोल पाण्यातलं कार्बन-१४ एका पेल्याच्या आयुष्यातच, म्हणजे दोनशेहून कमी वर्षांत, बदललं होतं. २०१४ मधल्या गुच्छित समस्थानिकांच्या कामातून उत्तर अटलांटिकचं खोल पाणी सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीच्या अचानक उष्ण काळाच्या आधीच तापलेलं दिसलं.

सर्वांत जास्त काम दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या ड्रेक सामुद्रधुनीतल्या पेल्यांवर झालं आहे. हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड १९० भाग प्रतिदशलक्षच्या आसपास होता आणि नंतर २६५ च्या पुढे गेला. हिमयुगात हवेत नसलेला तो कार्बन कुठे साठला होता, हा जुना प्रश्न. हिमयुगात दक्षिण महासागरातलं खोल पाणी कार्बन-१४ मध्ये गरीब होतं, म्हणजे हवेपासून बराच काळ तुटलेलं होतं. सुमारे १८,००० वर्षांपूर्वीपासून ते हवेशी पुन्हा जोडलं जाऊ लागलं आणि त्याच काळात हवेतला कार्बन वाढत गेला. पुढे २०१८ मध्ये त्याच भागातल्या बोरॉनच्या मोजणीने हिमयुगातल्या खोल पाण्याचा सामू कमी, म्हणजे त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त असल्याचं दाखवलं. दोन स्वतंत्र मोजण्या एकाच दिशेला बोट दाखवतात, हे जास्त पटण्यासारखं आहे.

एखाद्या काळातले पेलेच सापडले नाहीत तर?

तर घाईने निष्कर्ष काढू नये. अन्नाचा पुरवठा घटला, ऑक्सिजन कमी झाला, अ‍ॅरागोनाइट विरघळवणारं पाणी वर आलं, असं काहीही झालेलं असू शकतं. उत्तर प्रशांतमध्ये असं पाणी आजही काही शे मीटरवर असतं, उत्तर अटलांटिकमध्ये बरंच खाली. पण त्या काळातले पेले गाळाखाली गेले किंवा आपल्या जाळीत आले नाहीत, हेही तितकंच शक्य आहे. समुद्राखालच्या एका डोंगरावरच्या रिकाम्या काळाला अर्थ नाही. वेगवेगळ्या खोलींवर तोच रिकामा काळ दिसला तर मात्र विचार करावा.

नमुने कसे गोळा करतात आणि जिवंत प्रवाळ तोडावे लागतात का?

समुद्राखालच्या डोंगरांच्या उतारांवर प्रवाह गाळ झाडून नेतो आणि मेलेले पेले तिथे ढिगाने पडून राहतात. दूरनियंत्रित यानाने वेचले तर प्रत्येकाची खोली काही मीटरच्या चुकीने कळते. जहाजामागे ओढलेल्या लोखंडी खोऱ्याने आणले तर खोलीत शे-दोनशे मीटरची अनिश्चितता येते. पाण्याचे थर जिथे एकमेकांजवळ आहेत, तिथे तेवढी चूक परवडत नाही. शिवाय खोरं तळ खरवडतं, म्हणून यान परवडत असेल तिथे यानच वापरावं.

जिवंत प्रवाळ फक्त समीकरणं जुळवण्यासाठी, मोजकेच लागतात. कठीण प्रवाळ आणि काळे प्रवाळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे ते देशाबाहेर नेताना परवाना लागतो. कठीण प्रवाळांच्या जीवाश्मांना सूट आहे, पण अलीकडे मेलेला पेला जीवाश्म ठरतो की नाही हा वादाचा मुद्दा असतो, म्हणून जहाज निघण्याआधीच कागदपत्रं करून घ्यावीत. प्रत्येक पिशवीवर अक्षांश, रेखांश, खोली, पेला जिवंत होता की मेलेला आणि उभा होता की पडलेला, एवढं तरी पेन्सिलीने लिहावं. शाईची अक्षरं खाऱ्या पाण्यात राहत नाहीत.